गुडघ्याची फिजिओथेरपी म्हणजे नुसता शेकच का? (आई, वय 63, बडोदा)

रावपुरा_तिसरा_मजला

नमस्कार. आईचं वय 63, वजन 74 किलो, उंची 5 फूट 1 इंच. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं आखडलेले असतात, मग मोकळे होतात. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, गादी झिजली आहे, ग्रेड 3 (चारपैकी तिसरा टप्पा), पण ऑपरेशनची घाई नको, आधी फिजिओथेरपी करा. मधुमेह आहे, गोळ्यांनी आटोक्यात. बीपीची एक गोळी चालू आहे.

जवळच्या एका क्लिनिकमध्ये दहा दिवसांचं पॅकेज घेतलं. रोज 15 मिनिटं आयएफटी (पट्ट्या लावून सौम्य विजेचा प्रवाह), 8 मिनिटं अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं यंत्र, सोनोग्राफी नव्हे), शेवटी गरम पॅक. दहा दिवस बरं वाटलं, पॅकेज संपल्यावर चौथ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. शेवटच्या दिवशी सात व्यायामांची चित्रं छापलेला कागद हातात दिला. किती वेळा, किती दिवस, काहीच लिहिलेलं नाही. आता आणखी दहा दिवसांचं पॅकेज घ्या म्हणतात.

घर जुन्या पोळीतलं (पोळ म्हणजे अरुंद गल्लीतली जुनी दाट वस्ती), लाकडी उभा जिना, तिसरा मजला. आईची एकच इच्छा, दिवाळीनंतर पावागडला, डोंगरावरच्या कालिकामातेच्या मंदिरात, जायचं. ते जमेल का? आणि घरी नेमकं काय करावं?

सांधे_आणि_स्नायू

दुसरं पॅकेज घेऊ नका. आयएफटी, अल्ट्रासाउंड, गरम पॅक यांनी दुखणं काही तास दबतं, तेवढ्या वेळात व्यायाम करून घेता आला तरच त्यांचा उपयोग. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी अल्ट्रासाउंड, आयएफटी, टेन्स (तसंच विजेचं आणखी एक यंत्र) हे देऊच नका, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच सूचनांत व्यायाम मात्र सगळ्यांना द्या म्हटलं आहे. आपल्याकडे उलटं चालतं. यंत्र लावलं की पेशंटला उपचार झाल्यासारखं वाटतं, आणि एक माणूस एका वेळी चार पलंग सांभाळू शकतो.

झिजलेली गादी व्यायामाने परत येत नाही, हे आईंना आधीच सांगून टाका. सुधारतो तो गुडघ्याभोवतीचा आधार. मांडीचा पुढचा स्नायू दुबळा असला की पायरी उतरताना येणारा भार सावरायला कोणी नसतं, तो सांध्यावर आदळतो. दुखतं म्हणून माणूस हालचाल कमी करतो, स्नायू आणखी वाळतो, आणि मग आणखी दुखतं. हे चक्र ग्रेड 3 मध्येही तोडता येतं. एक्स-रेवरचा ग्रेड आणि दुखण्याचं प्रमाण यांचा मेळ बसतोच असं नाही.

आधी एक मोजमाप करा. हात नसलेली, 17 इंच उंचीची घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. 60 ते 64 वयाच्या बाईला 12 पेक्षा कमी जमत असेल तर वयाच्या मानाने ताकद कमी. झोपाळ्यावर बसून मोजू नका, तो पाय लावताच मागे सरकतो.

मग व्यायाम, चारच. सात नकोत, सात कोणी करत नाही.

पहिला: पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी. गुंडाळी खाली दाबत मांडी आवळायची, 5 सेकंद धरायची. 10 वेळा, रोज दोनदा. मांडीवर हात ठेवून स्नायू दगडासारखा लागतो का पाहा. नुसतं पाऊल ताणलं तर व्यायाम झालाच नाही.

दुसरा: पाठीवर झोपून दुखरा पाय सरळ उचलणं, दुसरा गुडघा दुमडलेला. फूटभरच उंची, 5 सेकंद, सावकाश खाली. उचलताना गुडघा जरासा वाकत असेल तर अजून एक आठवडा पहिल्याच व्यायामावर थांबा.

तिसरा: कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणं. नितंबाच्या बाजूचा स्नायू दुबळा असला की चालताना गुडघा आत झुकतो. इथे सगळे एकच चूक करतात, पाय पुढे नेतात. भिंतीला पाठ लावून झोपा आणि टाच भिंतीला घासत वर न्या, मग चूक करताच येत नाही.

चौथा: खुर्चीतून उठबस. उठायला एक सेकंद, बसायला तीन. धपकन बसलं तर निम्मा फायदा गेला. बीपी आहे म्हणून श्वास कोंडू नका, आकडे मोठ्याने मोजा.

दोन, तीन आणि चार एक दिवसाआड, 8 ते 12 वेळा, दोन फेऱ्या. बारा वेळा सहज जमायला लागलं की वजन वाढवायचं, नुसती संख्या नव्हे. पायाला अर्ध्या किलोपासून सुरुवात. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. पॅकेज दहा दिवसांचं असतं, स्नायूला ते ठाऊक नसतं.

पोळीतला_जिना

वरचं सगळं बरोबर, पण दिवसातला व्यायाम अर्धा तास आणि जिना-मोरी-स्वयंपाकघर उरलेला सगळा वेळ. त्याबद्दल थोडं.

जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची. जुन्या लाकडी जिन्याला दोर असतो, तो धरून शरीर ओढू नये, एका बाजूला पिळ बसतो. भिंतीत पक्का बसवलेला लाकडी कठडा हवा. दिवसातल्या फेऱ्या कमी करायच्या तर दूध, भाजी, औषध एकाच खेपेत आणायला घरातल्या कोणालातरी सांगा.

काठी डाव्या हातात. उजवा गुडघा दुखतो म्हणून बहुतेक जण उजव्याच हातात धरतात, ते चूक. हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. तळाचं रबर गुळगुळीत झालं असेल तर आधी ते बदला, पावसाळ्यात फरशीवर काठीच सरकते.

रात्री गुडघ्याखाली उशी घेऊ नका. बरं वाटतं खरं, पण सवय लागली की हळूहळू गुडघा पूर्ण सरळ होईनासा होऊ शकतो. मग चालताना मांडीला सतत भार उचलावा लागतो आणि संध्याकाळपर्यंत पाय दमून जातो. आधीच असं झालं असेल तर उताणं झोपून फक्त टाचेखाली गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी सोडा, पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा.

जमिनीवर मांडी घालून पूजा करणं किंवा भारतीय शौचालय वापरणं यावर सरसकट बंदी घालायची गरज नाही, पण दुखणं भरात असताना पाट किंवा उंच स्टूल आणि कमोडची खुर्ची वापरा. झोपाळ्यावर बसून पायाने हलकेच ढकलत राहणं मात्र चांगलं आहे, भार न देता गुडघा हलत राहतो.

आईंना मधुमेह आहे म्हणून गरम पॅकबद्दल एक सूचना. पावलांना मुंग्या येत असतील किंवा संवेदना कमी असेल तर भाजल्याचं कळतच नाही. पॅक टॉवेलात गुंडाळून, 15 मिनिटं, दर पाच मिनिटांनी कातडी पाहून.

रावपुरा_तिसरा_मजला

दोघांचेही आभार. खुर्चीची चाचणी केली, 7 आलं. उत्साहाच्या भरात आईने तीच उठबस 25 वेळा केली. रात्री उजवा गुडघा दुखला आणि सकाळी वाटीच्या वर फुगवटा दिसला. थांबवू का?

सांधे_आणि_स्नायू

उठबस थांबवा, सगळं नाही. सात जमणाऱ्या माणसाने पंचवीस केलं की सांधा चिडणारच. सांध्यात पाणी भरलं की मेंदू मांडीचा स्नायू आपोआप ढिला सोडतो, जोर लावला तरी लागत नाही. म्हणून सूज असेपर्यंत पहिला आणि तिसरा व्यायाम, आणि दिवसातून दोन-तीनदा 15 मिनिटं बर्फ, कापडात गुंडाळून. संवेदनेची वर सांगितलेली खबरदारी बर्फालाही लागू.

सूज उतरली की उठबस परत सुरू करा, पण खुर्चीवर चार इंचांची घट्ट उशी ठेवून. बैठक उंच झाली की गुडघ्यावर भार कमी येतो. पाच-पाच वेळा, दोन फेऱ्या. दर आठवड्याला उशी थोडी पातळ करत न्या.

किती दुखलेलं चालतं याचा अंदाज असा ठेवा. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना चार-पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते आधीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या वेळी संख्या किंवा वजन कमी करा, व्यायाम सोडू नका. ‘दुखलं म्हणून सोडला’ आणि ‘दुखलं तरी रेटला’, दोन्ही तऱ्हेने गुडघे अडून बसतात.

गुडघा लाल आणि गरम होऊन ताप आला, पोटरी एकाच पायाची सुजून दुखली, गुडघा मध्येच अडकून सरळच होईना, किंवा पडल्यावर पायावर भार देता येईना, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकून हातांची बोटंही सुजत असतील तर ती झीज नव्हे, संधिवाताची तपासणी लागेल. आईंच्या दहा-पंधरा मिनिटांवरून तसं वाटत नाही.

मांजलपूर_संध्याकाळ

बाबांचा खांदा गोठला आहे, हात वर जात नाही, मधुमेह आहेच. हेच व्यायाम खांद्याला जमवून चालतील का?

सांधे_आणि_स्नायू

नाही दादा, वेगळा धागा काढा. थोडक्यात, गोठलेल्या खांद्यात टप्पा ओळखणं महत्त्वाचं. रात्री झोपू न देणारं दुखणं चालू असेल तर कोणालाही हात ओढू देऊ नका, त्याने वाढतं. वाकून हात लोंबकळत ठेवून हलके झोके, एवढंच. दुखणं ओसरून नुसता ताठरपणा उरला की ताण द्यायचा, तोही आधी हात बाहेरच्या बाजूला वळवण्याचा, कारण तीच हालचाल सगळ्यांत जास्त अडते. पूर्ण सुटायला एक ते तीन वर्षंही लागतात.

कमाटीबाग_सकाळ

पावागडाबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून मी लिहितो.

रोपवेने गेलं तरी वरच्या स्टेशनापासून मंदिरापर्यंत शेकडो पायऱ्या राहतातच, आणि तेवढ्याच उतरायच्या. दगा देतं ते उतरणं. चढताना स्नायू आखडून काम करतो, उतरताना ताणला जात भार पेलतो, त्याची सवय वेगळी लावावी लागते.

सूज गेल्यावर आणि साध्या खुर्चीतून दहा वेळा आरामात उठता आल्यावर हे सुरू करा. चार इंचांचा पक्का पाट भिंतीजवळ ठेवायचा, एक हात भिंतीला. दुखऱ्या पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद लावत जमिनीला नुसती टेकवायची आणि परत वर. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, आत गेला की थांबायचं. आठ वेळा जमलं की सहा इंचांचा पाट, मग घरातलीच पायरी. जुन्या घरांतल्या पायऱ्या उंच असतात, त्यामुळे तिथे जमलं तर गडावर जमतं.

चालणं वेगळं ठेवा. कमाटीबागेत सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवा. तळ झिजलेल्या चपला नकोत, टाचेला घट्ट धरणारे मऊ तळाचे बूट घ्या.

वजनाचंही बघा. 2005 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. आईंचं तीन-चार किलो उतरलं तरी पायरी ओळखीची वाटेल. सेव-उसळ सोडा असं बडोद्यात राहून कोणी सांगू नये, पण तिच्यासोबतचे पाव मोजा.

प्रत्यक्ष जाताना शनिवार-रविवार आणि नवरात्रातली गर्दी टाळा, धक्क्याच्या गर्दीत मध्येच थांबता येत नाही. वीस-पंचवीस पायऱ्यांनी एक विश्रांती, दुखायला लागायच्या आधीच. काठी चढतानाही न्या, उतरताना लागणारच. दुसरा दिवस रिकामा ठेवा.

रावपुरा_तिसरा_मजला

चार इंचांचा पाट मिळाला, देवघरातलाच. आता अर्ध्या किलोचं वजन पायाला बांधायला विकत घ्यावं का? आणि हे सगळं बरोबर चाललंय का बघायला कोणाकडे जावं?

पोळीतला_जिना

विकत नको. जुन्या मोज्यात वाळू भरा, तोंड शिवून टाका, किराणावाल्याच्या काट्यावर अर्धा किलो तोलून घ्या आणि घोट्याभोवती सुती ओढणीने बांधा. नाडा नको, तो मधुमेही माणसाच्या कातडीत रुततो. सोडल्यावर वळ उठला आहे का पाहा.

सांधे_आणि_स्नायू

सयाजी रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग आहे, तिथे दाखवा, किंवा खासगीत जा. खासगीत पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारा: आईंची उठबस मोजणार का, आणि दोन आठवड्यांनी वजन किती वाढवणार. यंत्र कोणतं आहे हे विचारायची गरज नाही. रोज जावंही लागत नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, पद्धत बसली की पंधरा दिवसांतून एकदा, बाकी घरी. जाताना तो सात चित्रांचा कागदही न्या, त्यातले दोन बहुधा हेच असतील.