एस्टीम हलकी करायचीय, पण त्याच गाडीत अण्णांनाही बसायचंय

वाळूजकर_०४

मंडळी नमस्कार. गाडी मारुती एस्टीम, २००४ ची. अण्णांनी पीएफच्या पैशातून घेतलेली. २०१९ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा एकदा री-पासिंग केलं, पाच वर्षांनी पुन्हा केलं, आता २०२९ पर्यंत कागद चोख आहेत.

दीड महिन्यानं पुण्याजवळ मातीच्या मैदानावर ऑटोक्रॉस आहे, म्हणजे आखलेल्या वळणांतून एकेक गाडी घड्याळ लावून पळवायची स्पर्धा. गाडी इथून चालवत न्यायची, पळवायची आणि चालवतच परत आणायची. ट्रेलर परवडत नाही. इंजिनाला हात लावायचा नाही ही अण्णांची अट, मग राहतं ते वजन. मी वाळूजला प्रेस शॉपमध्ये डाय मेंटेनन्सला (पत्रा दाबायच्या साच्यांच्या देखभालीला) आहे, त्यामुळे ग्राइंडर-ड्रिलची भीती नाही.

डोक्यात जे जे काढायचंय ते असं: मागची सीट, स्टेपनी, एसी, दारांची आतली पॅनल, फ्लोअरवरचं डांबरी शीट. मागच्या दारांच्या काचा काढून पॉलिकार्बोनेट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक. बोनेटच्या आतल्या पट्ट्यांना भोकं. माझ्या अंदाजानं शंभर किलो निघतील, म्हणजे युरियाची दोन पोती आणि वर थोडं. कुणी खरंच केलंय का? आणि काय काढून पस्तावलात तेही सांगा.

झेनवाला_लातूर

भाऊ, बाकी काय बी काढा, एसीला हात लावू नका. मी झेनचा काढला होता. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पाइप, डॅशमधला कूलर सगळं मिळून सोळा किलो भरलं. लई खुशीत होतो. मग मे महिन्यात आईला घेऊन तुळजापूरला जायची वेळ आली. काचा खाली करून जायलो तर वाऱ्याच्याच झळा. येताना आई बोललीच नाही माझ्याशी, थेट घरी आल्यावर म्हणली, "ते काढलेलं कुठं ठेवलंयस?" परत बसवायला गॅस भरण्यासकट जेवढे गेले तेवढ्यात दोन टायर आले असते.

आणि एसी बंद ठेवला की कॉम्प्रेसरचा क्लच सुटलेलाच असतो, पुली नुसती मोकळी फिरती. ताकद खात नाही, फक्त बसून ऱ्हातो.

टर्बो_बीड

दारांच्या आत लोखंडी बार असतील तर ते कापा आणि दोन्ही बंपरमागचं लोखंड काढा. बाहेरून कुणाला कळत नाही. दहा-पंधरा किलो फुकटात.

काटेवाला_जालना

टर्बो, तुम्ही सांगितलेलं लोखंड हे त्या गाडीतलं शेवटचं लोखंड आहे जे काढायचं. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की मग कळतं ते कशाला होतं. पुढं बोलत नाही.

वाळूजकर, एकही नट सोडण्याआधी गाडी काट्यावर घाला. माझा इथं जालन्यात वजनकाटा आहे, दिवसभर सळईच्या आणि भंगाराच्या गाड्या मोजतो. एवढ्या वर्षांत एक शिकलो, आपल्या गाडीचं रिकामं वजन मालकाला कधीच माहीत नसतं. तीन पावत्या घ्या: अख्खी गाडी, नुसती पुढची चाकं, नुसती मागची चाकं. प्लॅटफॉर्म आणि रस्ता एका पातळीत असलेला काटा बघा, नाहीतर चाकांचा हिशेब खोटा येतो. मोठा काटा दहा-दहा किलोनं बोलतो, म्हणून सीट-स्टेपनी असले सुटे भाग भंगारवाल्याच्या छोट्या काट्यावर मोजा.

मी स्वतः तीन हंगाम एस्टीमच पळवली. ही मुळात ऐंशीच्या दशकातली सुझुकी कल्टस, अंगानं आधीच हडकुळी. तेराशे सीसी, ८५ हॉर्सपॉवर, तेही नवीन असताना. चरबी आहे ती सगळी डिकीत आणि मागच्या सीटवर. घोळ तिथंच आहे. इंजिन-गिअरबॉक्स पुढं, ओढणारी चाकंही पुढं. तुम्ही जे काढणार ते जवळपास सगळं मागचं. गाडी हलकी होते, पण नाकाला जड तेवढीच राहते.

पहिल्या वर्षी मी उत्साहात घरीच सगळं काढलं आणि तसाच पुण्याला गेलो. मैदानावर मजा आली. मागं वजन नाही, ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकायची, शेपूट फिरायची, मातीवर कोन मस्त कापता यायचा. दोन चांगले टायमिंग दिले. संध्याकाळी तशीच गाडी घेऊन निघालो. नेवाशाच्या अलीकडं पाऊस लागला, पुढच्या टेम्पोनं अचानक ब्रेक मारला, मी मारला, आणि जी शेपूट दुपारी कौतुकाची वाटत होती ती शेजारच्या लेनमध्ये. समोरून कुणी नव्हतं म्हणून हे लिहितोय. कारखान्यानं ब्रेकची वाटणी करताना मागं सीट, स्टेपनी, कधी तीन माणसं हे सगळं धरलेलं असतं. आपण ते काढतो आणि ब्रेकला कळवत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत एकच: काढायचं ते मैदानावर काढायचं आणि निघण्याआधी परत लावायचं. स्टेपनी, जॅक, पाने, मॅट, मागची सीट. ताडपत्री अंथरा, सामान तिच्यावर, बोल्ट डब्यात. सरावानं वीस मिनिटं लागतात. स्टेपनी घरी ठेवून यायचा मोह होईल, पण नगर रोडला रात्री पंक्चर झाल्यावर मोह उतरतो. मागच्या सीटची पाठ काढली की डिकी आणि केबिन एक होतात, आणि पेट्रोलची टाकी त्याच बाजूला. तिथं एक मिलीचा अॅल्युमिनियम पत्रा कापून बोल्टनं लावा. चौरस मीटरला २.७ किलो, तुम्हाला तर एका तासाचं काम. तपासणीतही तिकडं बघतात, त्या स्पर्धेचे नियम आधी नीट वाचून घ्या.

पेट्रोल विसरू नका. लिटरला पाऊण किलो धरा. मैदानाजवळ पोचेपर्यंत टाकी पाव राहील असा हिशेब ठेवा. त्याखाली नको, जोरात वळताना पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन खोकतं.

डांबरी शीट मी काढलंय. चार संध्याकाळी हीट गन आणि पट्टी घेऊन गुडघ्यावर बसलो, हाताला दोन फोड. निघालं किती? आठ किलो. पट्टीनं जिथं रंग खरवडला तिथं पुढच्या पावसाळ्यात गंज धरला, मग प्रायमर मारत बसलो. आणि आवाज! कन्नडच्या घाटात दुसऱ्या गिअरला गाडी चढवताना इंजिन कानानं नाही, दाढांनी ऐकू यायचं. बायको त्या गाडीत परत बसली नाही. आठ किलोसाठी नको.

भोकांचं तुम्हीच गणित करा, डायवाले आहात. ०.८ च्या पत्र्यात २५ मिलीचं भोक म्हणजे तीन ग्रॅम. शंभर भोकं, तीनशे ग्रॅम. त्यापेक्षा अर्धा लिटर पेट्रोल कमी भरा. पॉलिकार्बोनेट त्याच जाडीच्या काचेच्या निम्म्यानं भरतं हे खरं, पण मागच्या दोन दारांच्या काचांत दीड-दोन किलोच वाचतात आणि आपल्याकडच्या धुळीत दोनदा फडकं फिरवलं की दुधाळ.

रिम तेरा इंचीच लोखंडी ठेवा. पंधराच्या स्वस्त अलॉय बऱ्याचदा लोखंडीपेक्षा जड निघतात, आणि चाकातला जास्तीचा किलो डिकीतल्या किलोपेक्षा महाग, कारण तो फिरवावाही लागतो आणि खड्ड्यात उचलावाही लागतो. शिवाय दगडावर आपटली तर लोखंडी रिम हातोड्यानं सरळ होते. पैसे खर्च करायचेच तर शॉकअप बदला.

सर्व्हेअर_नांदेड

विम्याचं काम करतो म्हणून दोनच गोष्टी. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. मैदानावर जे फुटेल ते स्वतःच्या खिशातून.

दुसरं, आरसीवर आसनक्षमता ५ लिहिलेली आहे. सीट कायमची काढून रस्त्यावर फिरलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. काटेवाल्यांची परत लावायची पद्धत त्यासाठीही बरी. गाडीला कधी गॅसकिट होतं का? त्या काळच्या निम्म्या एस्टीमना होतं.

वाळूजकर_०४

सर्व्हेअर साहेब, वर्मावर बोट ठेवलंत. एलपीजी किट होतं. टाकी सहा वर्षांपूर्वी काढली आणि आरसीवरून नोंदही उतरवली, पण टाकीची लोखंडी चौकट आणि पाइप डिकीत तसेच होते. मी भोकं पाडायचा विचार करत होतो आणि हे रोज घेऊन फिरत होतो.

रविवारी काट्यावर घातली. आरसीवर ८७५ आहे, काटा म्हणाला ९२०. पुढं ५६०, मागं ३६०. मग डिकी रिकामी केली. चौकट आणि पाइप आठ किलो. कॉलेजात असताना बसवलेला वूफरचा डबा सोळा किलो, तो गेली कित्येक वर्षं वाजतही नाही. आणि अण्णांचा संसार: सतरंजी, पाच लिटरचा पाण्याचा कॅन, टोचनचा दोर, टॉमी, तेलाचा अर्धा डबा, एक वीट. विटेचं कारण विचारलं तर म्हणाले, "घाटात चाकामागं लावायला." संसार एकूण चौदा किलो. स्टेपनी-जॅक सोळा, मागची सीट पंधरा, पेट्रोल पंधरा लिटर कमी केलं ते अकरा.

बेरीज ऐंशी. पुन्हा काट्यावर: ८४०. पुढं ५५०, मागं २९०. काटेवाले काका, तुमचं म्हणणं पावतीवर छापून आलं. ऐंशीतले सत्तर मागचेच, आधी पुढच्या चाकांवर ६१ टक्के होतं ते आता साडेपासष्ट. मला धरून हिशेब केला तर वजन आठ टक्के कमी, म्हणजे इंजिनात साताठ हॉर्सपॉवर वाढल्यासारखं. खर्च काट्याचा आणि चहाचा. कशालाही ग्राइंडर लागला नाही याचं थोडं वाईटच वाटलं.

एक विचारायचंय. बॅटरी डिकीत नेली तर? दहा किलो पुढून मागं जाईल.

काटेवाला_जालना

शर्यतीच्याच गाडीला करतात. तुम्हाला जाड केबल, फ्यूज, बंद पेटी, बाहेर जाणारी नळी हे सगळं लागेल, आणि ती केबल पत्र्यातून नेताना कुठं घासली तर तिथंच आग. दहा किलोसाठी रस्त्यावरच्या गाडीत नको. मैदानावर टायरच्या हवेशी खेळा, नाकाच्या वजनाचं बरंचसं तिथं निस्तरतं. परत निघताना हवा भरायला विसरू नका.

आणि वीट परत ठेवा. तुमच्या अण्णांचं बरोबर आहे.

वाळूजकर_०४

बॅटरी रद्द. वीट ठेवली.

स्पर्धा रविवारी आहे आणि सोमवारी सकाळी अण्णांना घृष्णेश्वरला जायचंय, सोबत आई आणि आत्या. म्हणजे मागची सीट मैदानावरच बसवून निघावं लागणार. काल अंगणात दोनदा काढून-लावून सराव केला. पहिल्यांदा चाळीस मिनिटं, दुसऱ्यांदा सव्वीस. पट्ट्याचं एक बक्कल सीटखाली अडकलं होतं, ते आत्यांच्याच बाजूचं.