संत्र्याच्या बुडातली जंबेरी असताना थायी लिंबाचं झाड कशाला?

धुऱ्यावरचा (वरुड तालुका)

पुण्याला नोकरी करणारी भाची दिवाळीत आली ती थायी लिंबाच्या पानांचं पाकीट घेऊन. मक्रूट म्हणतात त्याला. पान पाहण्यासारखं असतं. देठच पसरून पानाएवढा झालेला, त्यामुळे एकापुढे एक दोन पानं जोडल्यासारखी दिसतात. फळाचा फोटो दाखवला तिनं: बेडकाच्या पाठीसारखं खडबडीत. रस नावाला. तिकडे पानं सूपमध्ये टाकतात आणि फळाची साल मिरचीच्या वाटणात घालतात.

मी पाकीट हुंगलं आणि म्हटलं, बाई, असला वास मी दरवर्षी कात्रीनं कापून धुऱ्यावर फेकतो!

आमची संत्री जंबेरीवर, म्हणजे खडबडीत सालीच्या आंबट लिंबाच्या खुंटावर, कलम बांधलेली आहेत. कलमाचा डोळा भरला त्याच्या खालून पानसोट (नुसता फोफावणारा फुटवा) फुटतो तो संत्र्याचा नसतो, जंबेरीचा असतो. काटेरी, दांडगा, झाडाचं खाणारा. तो काढावाच लागतो. मागच्या उन्हाळ्यात त्याचीच दोन कोवळी पानं चुरून ताकात टाकली, अर्ध्या तासानं काढून घेतली. मीठ, जिरं, बस. घरच्यांनी दोनदा मागून घेतलं. मग वडाभातावरच्या फोडणीच्या तेलातही एक पान टाकून पाहिलं. जमलं.

फळाचं लोणचं आमची आजी घालायची, पानाकडे कुणी पाहिलं नाही. तर माझं म्हणणं असं: हे घरचं सोडून परक्या झाडाचे लाड करायची गरज नाही. बोला.

हिंगणघाटची सून

दादा, वाळलेल्या पानांवरून मक्रूटचा निकाल लावू नका. सांबार वाळवून त्याचा वास घेतला आणि सांबारवडीला नावं ठेवली, तर चालेल का? (विदर्भाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.)

माझ्याकडे कुंडीत मक्रूट आहे, तीन वर्षांचं. ताज्या पानाचा वास जंबेरीसारखा नाही, कागदी लिंबासारखाही नाही. त्यात सिट्रोनेलाल भरपूर असतं. डास पळवायच्या सिट्रोनेला तेलात असतं तेच. ऐकून नाक मुरडाल, पण पानात ते फार सुंदर लागतं. मधली शीर काढायची, पानांची घट्ट गुंडाळी करायची आणि केसासारखं बारीक चिरायचं. अख्खं टाकलं तर तेजपानासारखं उचलून बाजूला ठेवायचं, चावायचं नाही. फार उकळू नका, कडवटपणा उतरतो. उरलेली पानं वाळवू नका, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका.

मी कढीगोळ्यांच्या कढीत टाकते, गॅस बंद केल्यावर. सावजी रश्शात मात्र एकदाच टाकलं. त्या मसाल्यापुढे बिचारं दिसलंच नाही.

कलमवाला

धुऱ्यावरचे भाऊ, एक विचारतो, राग मानू नका. ज्या पानसोटाची पानं तुमी ताकात टाकली, तो फुटतो कुठून? खोडाले जिथवर बोर्डो पेस्ट लावतो ना, तिथूनच. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. खोडातून डिंक गळते त्या डिंक्या रोगासाठी लावतो आपण ते, ताकासाठी नाई.

अन् फवारणी? सिल्ला, म्हणजे रस शोषणारी ती बारीक कीड, कोवळ्या नवतीवरच (नव्या पालवीवर) बसते, म्हणून नवती निघाली का आपण पंप घेऊन उभे. पानं काळी करणाऱ्या कोळशीसाठी अलग. तुमाले कोवळंच पान पाह्यजे, अन् औषध बी कोवळ्या पानावरच. बागेतलं पान खाऊ नका अन् दुसऱ्याले खायला सांगू तं बिलकुल नका.

धुऱ्यावरचा

हे डोक्यात आलंच नव्हतं. खरं सांगतो, पानं धुतली होती, पण धुण्यानं काय होतं ते मलाही माहीत आहे. मान्य. बागेतलं पान बंद.

पण मुद्दा तिथेच आहे. न फवारलेली जंबेरी विहिरीपाशी वेगळी लावता येते. मक्रूट आणण्याचं कारण यातून निघत नाही.

तर्रीपोहा

मले दोघायचं बी पटलं नाई. गोडलिंब (तुमचा कढीपत्ता) काय मेला का? वरणात गोडलिंब, ताकात सांबार, भातावर निंबाची फोड. एवढ्यात आपला वऱ्हाड जेवला. लिंबाचा पाला कायले खायचा? बकरीले टाका!

हिंगणघाटची सून

तर्रीपोहा, तुमचा गोडलिंब लिंबाच्याच कुळातला आहे. बेल आणि कवठही त्यातलेच. लिंबावरचं ते पिवळं-काळं फुलपाखरू अंडी घालायला गोडलिंबावरही जातं. त्याला नातं कळलं, तुम्हालाच कळेना.

आणि पाला खाणं नवं नाही. तमिळ घरांत नारथंगाईची, म्हणजे लिंबाच्याच जातीतल्या आंबट फळाची पानं, मिरची-ओव्याबरोबर कुटून दहीभातासोबत खातात. बंगालात गंधराज लिंबाचं पान घोळात, म्हणजे त्यांच्या ताकात, पडतं. आपल्याकडेच ते राहून गेलं.

तर्रीपोहा

मंग तिकडं खाऊ द्या ना त्यायले. आपलं ते आपलं.

काटोलची मास्तरीण

"आपलं" म्हणजे कधीपासूनचं? नागपुरी संत्रं रघुजी भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादेहून आणवलं असं सांगतात. तर्रीतली मिरची अमेरिकेतून आली. परकं म्हणून हाकलायचं ठरवलं तर तुमच्या ताटात पोहेच उरतील, तर्री नाही.

तरी माझं मत धुऱ्यावरच्यांकडेच झुकतं, कारण वेगळं आहे. शेजारच्या संत्राबागेत उद्या कुठून तरी मागवलेलं मक्रूटचं रोप आलं आणि सोबत ग्रीनिंग हा लिंबूवर्गीय झाडांचा रोग आला, तर त्याला औषध नाही. सिल्ला तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. स्वयंपाकाच्या हौसेसाठी हा धोका मला जड वाटतो.

हिंगणघाटची सून

हे मात्र खरं. माझी कुंडी गावात, तिसऱ्या माळ्यावर आहे, आसपास बाग नाही. बागाईतदाराच्या घरी मी तरी सांगणार नाही लावायला. पण वासाच्या बाबतीत मागे हटत नाही. जंबेरी ही मक्रूटची जागा घेत नाही, एवढं लिहून घ्या.

धुऱ्यावरचा

लिहून घेतलं. ताकात तरी घेते असं मी म्हणेन. कलमवाले भाऊ, विहिरीपाशी बी टाकायचं तर कसं?

कलमवाला

पिकलेलं फळ फोडा अन् बी ताजंच टाका, वाळू देऊ नका, मंग उगवत नाई नीट. एका बियातून दोन-तीन रोपं निघतील, घाबरू नका, जंबेरीचं तसंच असते. दांडगी रोपं ठेवा, मरतुकडं उपटा. ते दांडगे बहुतेक आईवरच जातात. काळ्या जमिनीत गादी (मातीचा वाफा) उंच करा, बुडात पाणी थांबू नये. अन् फुलपाखराच्या अळ्या हातानं वेचा. तिथं पंप नेला तं मी येऊन पाईन.