हॅलिमेडा कॅल्शियमचोर की आपणच आळशी?

खारटपाणी, म्हापसा: हॅलिमेडा, म्हणजे चुनखडीच्या पेरांचं ते हिरवं समुद्री शेवाळ, प्रवाळांच्या खाऱ्या टाकीत घालूच नका. प्रवाळांच्या तोंडचं कॅल्शियम पळवते, वर एका रात्रीत पांढरी पडून पाणी नासवते. त्यापेक्षा बिनचुन्याचं शेवाळ कॉलर्पा बरी.

मांडवीकाठ: कॉलर्पा बरी? तीही रात्रीत विरघळते, शिवाय खडकात घुसली की निघत नाही. पांढरं पडण्याची वेगवेगळी कारणं तुम्ही एकत्र कालवलीत. टोकाचं एखादंच पेर पांढुरकं असेल तर गप्प बसा. ते नवं आहे, रात्री फुटतं, उजाडल्यावर हिरवं होतं. कडांवर हिरव्या मण्यांचे घोस आले तर पहाटे ती बीजं सोडणार, मागे नुसता सांगाडा. ती झुडपं तेव्हाच उचला, पाणी गाळणारा कार्बन आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा. यातलं काहीच नसेल तर क्षारता (पाण्यातलं कार्बोनेट, खारटपणा नव्हे) मोजा: हवी ८–९ डीकेएच, हे तिचं एकक. कॅल्शियम हवं ४००–४५० पीपीएम.

तिसऱ्यो: एवढा बाऊ कशाला? पानाचा चुना आरओ पाण्यात कालवा, रात्रभर ठेवा, वरची निवळी थेंबथेंब सोडा. १०० लिटर टाकीला १ लिटर निवळी म्हणजे कॅल्शियम ८ पीपीएम आणि क्षारता १.१ डीकेएच.

खारटपाणी: टाकीलाच चुना लावा! ओल्या गोळ्यात पाणी किती, चुना किती, कोण सांगणार? शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड तोलून घ्या.

तिसऱ्यो: तोलून काय करणार? लिटरमागे साधारण दीड ग्रॅमच विरघळतो, उरलेला तळाशी. मळही बराचसा तिथेच बसतो.

खारटपाणी: आणि घाईत भसकन ओतली की पीएच उसळून सगळी टाकी दुधाळ. ते नाही सांगितलंत.

मांडवीकाठ: तोलाचं तिसऱ्योंचं बरोबर, सुगंध घातलेला चुना मात्र नको. पण पावसाळा दोघेही विसरलात. निवळी जाते ती उडालेल्या पाण्याच्या भरपाईतून. जुलैच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, मग चुनाही जात नाही. हॅलिमेडाची भूक मात्र तेवढीच. ती पांढरी पडली की दोष तिच्या जातीला! तेव्हा १०० लिटरला १ डीकेएचसाठी ३ ग्रॅम खाण्याचा सोडा. १० पीपीएम कॅल्शियमसाठी ३.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून.

तिसऱ्यो: त्यापेक्षा मिरामारच्या किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी आणून बदललं तर?

मांडवीकाठ: पावसात? मांडवीच्या मुखाशी? आधी खारटपणा मोजायचा मापक बुडवून बघा, मग बोलू.

खारटपाणी: बरं बाबा, हॅलिमेडा निर्दोष, आम्हीच आळशी. तिसऱ्यो, निवळीचं भांडं तेवढं झाकून ठेवा. वर साय धरते ती चुनखडी, तेवढा चुना वाया गेला.