ऑटोमॅटिकने घाट उतरायची अक्कल घालवली?

क्लचप्लेट, फोंडा
शिव्या खायच्या तयारीने लिहितोय. ऑटोमॅटिक गाड्यांनी गोव्यातल्या ड्रायव्हिंगची वाट लावली. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी चोर्ला घाटातून केरीकडे उतरून बघा. पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट वरपासून पेटलेले ते पायथ्यापर्यंत विझत नाहीत. काच खाली केली की पॅड जळल्याचा वास. नंबरप्लेट बघावी तर काळ्यावर पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याची. लिव्हर डीमध्ये (ड्राइव्ह, गिअर गाडीच बदलते) आणि पाय ब्रेकवर, संपलं ड्रायव्हिंग.

मॅन्युअलवाला दुसरा गिअर टाकतो आणि ॲक्सिलरेटर सोडतो. इंजेक्टर पेट्रोल तोडतो, चाकांनाच इंजिन ओढत न्यावं लागतं आणि गाडी आपोआप आवरते. ब्रेक फक्त वळणापुरता. हे त्याच्या हाताला कळतं, ऑटोमॅटिकवाल्याला कधी कळायचीच वेळ येत नाही. दुचाकीच्या लायसन्सला गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आहे, मग कारला का नको? ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही.

पॅडलशिफ्ट, पर्वरी
ब्रिटनच्या नियमाने तुझं काय साधतं रे? तिथे ऑटोवाल्याला मॅन्युअल बंद आहे, घाट नाही.

आणि क्लच म्हणजे मर्दुमकी हे किती दिवस चालवणार? १९८९ मध्ये फॉर्म्युला वनची (एफ-वन) फेरारी ६४० पहिल्यांदा शर्यतीत उतरली ती ब्राझीलला, स्टिअरिंगमागे बोटांनी गिअर बदलायची पॅडल घेऊन. गिअरबॉक्स रेसभर टिकेल यावर खुद्द फेरारीवाल्यांचा भरवसा नव्हता, तरी त्यांचा ड्रायव्हर मॅन्सेल जिंकला. हातगिअरवर विजेतेपद मिळवलेली शेवटची एफ-वन गाडी म्हणजे आयर्टन सेनाचं १९९१ चं मॅक्लारेन. पुढे सगळेच पॅडलवर आले. आज एफ-वनमध्ये पायाशी क्लच नसतो, मग वर्स्टापेनला ड्रायव्हर म्हणायचं नाही का?

क्लचप्लेट, फोंडा
वर्स्टापेन गिअर स्वतः ठरवतो. आपोआप बदलणारा गिअरबॉक्स एफ-वनमध्ये चालत नाही, मुद्दा तिथेच संपतो. रॅलीत तर २०२२ च्या नव्या रॅली-१ गाड्यांनी पॅडल काढून पुन्हा दांडा बसवला. पोर्शाने २०१३ ची जीटी३ फक्त ऑटोमॅटिकमध्ये आणली, चाहत्यांनी इतकी बोंब मारली की २०१७ ला मॅन्युअल परत द्यावी लागली. हे सगळे काय अडाणी आहेत?

मिरामारवाली
क्लचप्लेटबाब, पोर्शा तुमच्या दारात उभी असेल तर बोलूया. माझ्या आईचा डावा गुडघा कामातून गेलाय. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गाडी न्यायची म्हणजे पार्किंग मिळेपर्यंत अर्धा क्लच दाबून सरकत राहायचं. तिने ड्रायव्हिंग सोडलंच होतं, एएमटी (क्लच-गिअर मशीनच सांभाळतं ती स्वस्त ऑटोमॅटिक) घेतल्यावर परत सुरू केलं. २०१४ ला सेलेरिओतून एएमटी स्वस्तात आली म्हणून आमच्यासारख्यांना परवडली. हिच्यामुळे रस्त्याची वाट लागली म्हणता? आईच्या मागे हॉर्न बडवणारे बहुतेक मॅन्युअलवालेच असतात.

घाटगाडी, वाळपई
बेळगावची भाजी गोव्यात उतरवणं हाच आपला धंदा, तेव्हा चोर्ला कुणी मला शिकवू नये. वास येतो ते खरं. पण पात्रांव, पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून सुटतात ते कोण? ते सगळे क्लचवालेच! इंजेक्शनच्या गाडीत न्यूट्रलला उलट जास्त पेट्रोल जातं, कारण इंजिन चालू ठेवायला ते द्यावंच लागतं. गिअरमध्ये उतरलं तर इंजेक्टर बंदच असतो, वर क्लचप्लेटनेच लिहिलंय. गावच्या पोरांना हे सांगून माझा घसा बसला. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली बापाची शिकवण सुटत नाही. ऑटोवाल्याला निदान माहीत नसतं. ह्यांना माहीत असून हे करतात.

आणि ब्रेक ऑइल कोण बदलतो? ते हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. ओल शिरली की कमी तापमानाला उकळतं, वाफ धरते, पेडल मऊ पडून आत जातं. तेव्हा दोन पेडलं आहेत की तीन, काही फरक पडत नाही.

काळीपाटी, कळंगुट
आमच्यावर घसरलात म्हणून लिहितो. माझ्या भाड्याच्या गाड्यांत एएमटीच जास्त, कारण मुंबई-दिल्लीचं गिऱ्हाईक तेच मागतं. चावी देताना सांगतो, घाटात लिव्हर एमवर (मॅन्युअल, गिअर आपण ठरवायचा) घ्या आणि दुसरा गिअर धरा. मान डोलवतात, लक्ष मोबाइलमध्ये. शेवटी डॅशबोर्डवर चिठ्ठी डकवली, ‘उतारावर एम-२’. एक गिऱ्हाईक विचारतं, हा पार्किंग नंबर काय?

क्लचप्लेट, फोंडा
बघा! हेच तर म्हणतोय. ज्याने कधी गिअर टाकला नाही त्याला ‘दुसरा धरा’ म्हणजे काय ते कसं उमजणार? घाटगाडीचं न्यूट्रलचं मान्य, त्यांचीही लायसन्सं काढून घ्या, माझी हरकत नाही. पण चिठ्ठी वाचता येणं आणि गाडी उतरवता येणं यात फरक आहे. टेस्टमध्ये एक उतार ठेवा, कुठलीही गाडी आणा, ब्रेकवर पाय न रेटता खाली या. जमलं तर ऑटोवाल्यालाही सलाम.

मिरामारवाली
म्हणजे आता क्लचची अट नाही, उताराची आहे. हे आधी लिहिलं असतं तर मी भांडलेच नसते. एमचं बटण आईला मी शिकवलंय, पाच मिनिटं लागली.

पॅडलशिफ्ट, पर्वरी
इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की हा वाद जाणार. रिजनरेशन (चाकांच्या फिरण्यातून वीज परत घेणं) वाढवून ठेवलं की पाय उचलताच गाडी आवरते, वर बॅटरीत चार्ज. फक्त बॅटरी आधीच शंभर टक्के असेल तर तो आवर मिळत नाही, हे मात्र शोरूमवाले सांगत नाहीत.

घाटगाडी, वाळपई
टेस्टमध्ये उतार ठेवणारच असाल तर आणखी एक घाला. अरुंद घाटात चढणाऱ्याचा हक्क पहिला. लोड भरलेली गाडी चढावर थांबवली तर परत उचलताना क्लच माझा जळतो, वरून येणाऱ्याचं काय जातं? परवा वळणावर एकजण समोर येऊन लाइट मारत उभा. गाडी मॅन्युअल होती हो.