उत्तरा नक्षत्र आणि गरवं भात

'पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा', म्हणजे उत्तरा नक्षत्रात पाऊस पडला तर भात इतकं पिकतं की कुत्राही खाईना. ही म्हण म्हणजे निव्वळ दैवावर हवाला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. कोकणात तरी ही म्हण पक्क्या हिशेबावर उभी आहे. सूर्य उत्तरा नक्षत्रात साधारण १३ ते २६ सप्टेंबर असतो. मृगाच्या आसपास रोप पेरलं की १३५-१४० दिवसांचं गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात नेमकं याच पंधरवड्यात पोटरीत येतं, म्हणजे पानाच्या आवरणात लोंबी धरतं. पोटरी ते फुलोरा खाचरात ५ सें.मी.च्या आसपास पाणी हवं. आपली जमीन उताराची, खाली जांभा दगड, म्हणून पाणी टिकत नाही. पावसाने आठवडाभर दडी मारली की वरच्या खाचरांना भेगा पडायला लागतात. मग लोंबी अर्धवट बाहेर येते, दाणे पळंज (पोकळ) राहतात, आणि नंतर कितीही पाऊस पडला तरी ते भरत नाहीत.

मात्र म्हण सरसकट लावू नये. शंभर दिवसांचं हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात उत्तरात कापणीला आलेलं असतं. त्याला हाच पाऊस आडवा पाडतो, भिजलेल्या लोंबीवर दाण्याला मोड येतात. फुलोऱ्यातल्या भातालाही सकाळी नऊ-दहा ते दुपारपर्यंतची झोड नको, कारण फूल तेव्हाच उमलतं आणि पराग धुऊन जातो. रात्रीची सर उत्तम. म्हणून वरकस, म्हणजे उंचावरच्या हलक्या जमिनीत हळवं आणि पाणी धरणाऱ्या मळ्यात गरवं, ही जुनी वाटणी मला या म्हणीइतकीच मोलाची वाटते. हळव्याच्या खाचराचा बांध कापणीआधी आठ-दहा दिवस फोडायचा, गरव्याचा मात्र तेव्हा घट्ट लिंपून ठेवायचा.