खुर्ची मांडायला बोलावता, खुर्चीवर बसायला नाही

वर एकांनी लिहिलंय, 'हल्लीच्या पोरांना सोसायटीच्या कामात रसच नाही.' अर्धंच पटलं. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत गणपतीला मंडप, वर्गणी, साउंड सगळं हीच पोरं बघतात. सप्टेंबरात सर्वसाधारण सभा आली की मात्र त्यांना फक्त सतरंज्या घालायला हाक. मग रस येणार कुठून?

गेल्या वर्षी पाण्याच्या टँकरचा खर्च वाढला, तेव्हा कमिटीने कंटाळून हिशेबाची वही दुसऱ्या मजल्यावरच्या बी.कॉम.च्या मुलीकडे दिली. तिने आठवडाभर पहाटे खाली उभं राहून टँकर मोजले. वहीत चार, आले तीन! सभेत ती आकडे वाचायला लागली तर एक काका म्हणाले, "बाळ, तू सभासद आहेस का?" (प्रश्न नियमाला धरून होता, वेळ मात्र बघा.)

यावर उपाय आहे. मूळ सभासदाने लेखी संमती दिली तर मुलाला-मुलीला सहयोगी सभासद करून घेता येतं. आम्ही तिच्या वडिलांकडून तो अर्ज भरून घेतला. आता ती कमिटीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिते, आणि वाचताना कुणी मध्ये बोललं तर थांबून बघते.

नगरसेवकपदाला एकविसाव्या वर्षी उभं राहता येतं. त्याआधी निदान एक ठराव मांडून, पडलेला बघून, पुन्हा मांडायची सवय तरी लागू दे. नुसत्या 'युवा समित्या' काढून फोटो काढण्यात काही अर्थ नाही, हे माझं मत.

तुमच्याकडे कमिटीत तिशीच्या आतलं कुणी आहे का?