विकत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये परक्याची कागदपत्रे: पुसावीत की पोहोचवावीत?

सांजवात

गेल्या महिन्यात पुण्यातील एका दुकानातून मी रीफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला, लॅपटॉप घेतला. किंमत २१,५०० रुपये, सहा महिन्यांची वॉरंटी आणि वर 'अगदी नव्यासारखा आहे' हे दुकानदाराचे आश्वासन. घरी आणून माझ्या जुन्या फाइली त्यात उतरवल्या आणि चार दिवसांनी आईचा थायरॉइडचा रिपोर्ट हवा होता म्हणून 'आई रिपोर्ट' असे टाइप करून शोध घेतला. दोन फाइली आल्या. त्यांतील पहिली उघडली, तर वरचे नाव माझ्या आईचे नव्हते, वय ७४ होते आणि रिपोर्ट बायॉप्सीचा होता.

ती फाइल डी ड्राइव्हवर 'नवीन फोल्डर (३)' मध्ये होती. तिथेच आधार, पॅन, तीन वर्षांची पगारपत्रके, एका लग्नाची हजारभर छायाचित्रे आणि 'बाबांचे मृत्युपत्र फायनल' व 'बाबांचे मृत्युपत्र फायनल २' अशी दोन कागदपत्रे होती. मृत्युपत्रे मी उघडली नाहीत. मात्र या दोन 'फायनल'मध्ये काय बदलले असेल, याचे कुतूहल वाटले, हे कबूल करते.

भाऊ म्हणतो, ताबडतोब पुसून टाक. मला ते पटत नाही. त्या गृहस्थांकडे या छायाचित्रांची दुसरी प्रत असेलच असे नाही, आणि माझ्या हाती आलेली ही कदाचित शेवटची प्रत त्यांना न विचारता नष्ट करण्याचा अधिकार मला कोणी दिला? त्यांना कळवणे हे माझे कर्तव्य आहे, असे माझे मत आहे.

उंबरठा

तुमचा हेतू चांगला आहे, पण मत चुकीचे आहे. दुसऱ्याचे पत्र चुकून आपल्या दारात पडले, तर आपण ते न फोडता परत करतो, कारण पत्ता पाकिटावर असतो. इथे पत्ता पाकिटाच्या आत आहे. मालक शोधायचा म्हणून तुम्ही एकामागून एक फाइल उघडत जाणार आणि ज्या माणसाच्या खासगीपणाची काळजी तुम्हाला वाटते, तो खासगीपणा त्या काळजीपोटीच संपणार. बायॉप्सीचा रिपोर्ट कुटुंबाबाहेरच्या एकाही व्यक्तीने पाहायला नको होता. आता तो एकीने पाहिला आहे. आकडा तिथेच थांबवा आणि डिस्क पुसा.

जुना दफ्तरदार

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. 'डिस्क माझी, म्हणजे तीवरची माहितीही माझी' असे कोणी सांगेल, तर ते मनावर घेऊ नका. जुन्या बाजारातून ट्रंक घेतली आणि अस्तराखाली कोणाचे मंगळसूत्र निघाले, तर ट्रंकेच्या पावतीने मंगळसूत्र आपले होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार दुसऱ्याची सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. फाइल ही 'वस्तू' आहे का, यावर वकील भांडू शकतील, पण कलमामागचा विचार सांजवात यांच्या बाजूचा आहे.

गंमत अशी की नवे कायदे इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ 'संगणकाच्या मालकाच्या किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय' असे म्हणते, आणि संगणकाच्या मालक तर तुम्हीच आहात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने व्यक्तीचा निव्वळ घरगुती वापर कलम ३ मध्येच वगळला आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितले खरे, पण 'नवीन फोल्डर (३)' चे काय करावे, हे तुमचे तुम्हालाच ठरवायचे आहे.

दुरुस्तीवाला

चौदा वर्षे हाच धंदा करतो, म्हणून हे घडते कसे ते सांगतो. आपल्याकडे मशीन फॉरमॅटला आले की कारागीर फक्त सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज असलेला भाग, पुसतो, कारण गिऱ्हाईक नेहमी बजावते, 'डी ला हात लावू नका, डेटा आहे.' हातांना तीच सवय लागते. पुढे तेच मशीन एक्स्चेंजमध्ये येते, नवी एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क) बसवून तिच्यावर विंडोज टाकले जाते आणि जुनी हार्ड डिस्क जागा भरून काढायला डी म्हणून आतच राहते.

आणखी एक गोष्ट. लॉटमध्ये आलेल्या मशीनची रॅम आणि डिस्क आम्ही एकातून काढून दुसऱ्यात घालतो. त्यामुळे त्या गृहस्थांनी हा लॅपटॉप कधी पाहिलाही नसेल. दुकानदाराला विचारून काही निष्पन्न होणार नाही. कोणती डिस्क कोणाची, याची वही कोणी ठेवत नाही.

उंबरठा

म्हणजे दोष विकणाऱ्याचा आहे आणि तो जुना आहे. सिमसन गार्फिंकेल आणि अभी शेलत या एमआयटीतील दोघांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू स्थितीतील १२९ पैकी केवळ १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या आणि एक तर एटीएम यंत्रातून निघालेली होती. बाजाराची ही चूक निस्तरण्यासाठी सांजवात यांनी अनोळखी घरी फोन का करावा? 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून फोनवरून पैसे उकळणाऱ्यांच्या, या दिवसांत कोणी म्हणाले, 'तुमचे आधार, पॅन आणि वडिलांचे मृत्युपत्र माझ्याकडे आहे,' तर ऐकणारा आधी पोलिसांत जाईल. जायलाच हवे.

जुना दफ्तरदार

फोनबद्दल सहमत, पुसण्याबद्दल नाही. माझ्या मोठ्या भावाच्या मुंजीची चित्रफीत अशाच एका डिस्कसोबत भंगारात गेली. नेणाऱ्याने ती पाहिली असती, तरी मला चालले असते. परत मिळायला हवी होती.

उंबरठा

तुम्हाला चालले असते. मृत्युपत्र करणाऱ्या वडिलांना चालेल, हे तुम्ही कशावरून ठरवलेत?

सांजवात

दोन्ही बाजू वाचून काय केले ते सांगते. मागचे झाकण उघडले, तर डी ही खरोखरच वेगळी डिस्क निघाली. कंपनी निराळी आणि लेबलावर २०१६ साल. ती काढून पाकिटात बंद केली आणि कपाटात ठेवली. काढण्यापूर्वी एकच फाइल उघडली: आधारच्या मागच्या बाजूचे स्कॅन वेगळे होते आणि पत्ता तिथे असतो. त्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने चार ओळींचे पत्र पाठवले. त्यात आजाराचा किंवा मृत्युपत्राचा उल्लेख नाही. आपली जुनी डिस्क सापडली आहे, हवी असल्यास भरदिवसा दुकानात भेटू, एवढेच लिहिले आहे.

उंबरठा

म्हणजे अखेर आणखी एक फाइल उघडलीच.

सांजवात

होय, उघडली. आणि उत्तर आले नाही, तर दिवाळीनंतर डिस्क पुसणार आहे, तेव्हा निम्मे तुमचेही ऐकले.

दुरुस्तीवाला

पुसाल तेव्हा क्विक फॉरमॅट करू नका. त्यात फक्त फाइलींची यादी जाते, मजकूर जागच्या जागी राहतो आणि फुकटच्या सॉफ्टवेअरनेही परत येतो. पूर्ण फॉरमॅट करा. त्यात सगळीकडे शून्ये लिहिली जातात, म्हणून एवढ्या डिस्कला काही तास लागतील. चार्जर जोडलेला ठेवा.